मेतकुटाची पुडी

"…मग आई गेल्यावर वाचावं असं एखादं पुस्तक सांगा ना, अण्णा. ताई परत पाठवणार नाही असं."

मकरंद गिजरे ओसरीच्या कठड्याला टेकून विचारत होता. अण्णा म्हणजे आमचे शेजारी टिळेकर. सगळा जन्म गावच्या वाचनालयात गेला, आता ओसरीवर बसून येईल त्याला पुस्तक सुचवतात. मकरंद त्यांचा लाडका शिष्य. मी मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे मेथी निवडत होते. भिंत दोन्ही घरांची, कान तेवढे माझे.

"आजवर काय काय पाठवलंस?"

मकरंदने नावं सांगितली. आईवरची, घरावरची, माणूस गेल्यावर मागे काय उरतं त्यावरची.

"या विषयातलं मी वाचलं नाही असं फार थोडं असेल, अण्णा. आमच्या वाचकांच्या ग्रुपवर मी सुचवलं की लोक रडतात, आभार मानतात. आणि सख्खी बहीण पान उघडत नाही!"

"कशावरून?"

"खुणेचा दोरा मी ठेवला तिथंच असतो."



"पुस्तक परत येतं, ते नुसतंच येतं?"

"नुसतं नाही… ताई जुन्या वळणाची. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण. ती पुस्तकालाही लावते. पिशवीत काहीतरी घालतेच. पहिल्यांदा मेतकूट, मग सांडगी मिरची, मग लोणचं."

"कसं होतं?"

"काय?"

"मेतकूट."

"…पुडी फोडली नाही अजून. पुस्तकांच्या कपाटावर आहे. मी हल्ली भात खात नाही."

मला काही राहवेना. "अहो मकरंदराव, मेतकूट कुणाच्या हातचं? ताईंच्या की आईंच्या?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की भाजी निवडणाऱ्यांनी भाजी निवडावी. मग नजर खाली गेली.

"आईच्या. ताई फोनवर म्हणाली होती. दवाखान्यात जायच्या आधी आईनं भाजून दळून ठेवलेलं… तेवढंच उरलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी…" तो थांबला. "मी विचारलं, पुस्तक वाचलंस का."

माझ्या कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा मला उद्धट वाटली.

"आणि परवा आलं त्या पुस्तकाबरोबर?" अण्णांनी विचारलं.

"त्याच्याबरोबर काही नव्हतं."

"नीट बघितलंस?"

"पिशवी उलटी करून झटकली, अण्णा."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. बाई वाटी रिकामी धाडते ना, तेव्हा तिनं आतून कडी घातलेली असते. हे मी बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती, त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आता कुठलं पाठवू?" त्याने अण्णांना विचारलं. "एकच सांगा. तुम्ही म्हणाल ते पाठवतो."

अण्णा उठले. मला वाटलं, आत कपाटाकडे जातील. ते भिंतीशी आले.

"वहिनी, भात झालाय का? मऊ असला तर वाटीभर द्या."

मी वाटीत वाफाळता भात घातला, वर तुपाची धार सोडली, ताटली झाकली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी मकरंदच्या हातात दिली.

"मला भूक नाही, अण्णा."

"माहीत आहे."

"मग ताईला काय…?"

अण्णा परत जागेवर येऊन बसले.

"आधी घरी जा. पुडी फोड… बघ, वास राहिलाय का."