अनसूयाची वार

“पण बाई, वार इतकी खराब असताना बाळ धड असेलच कसं?”

डॉ. मल्हार चिटणीसनं हे तिसऱ्यांदा विचारलं. सुवर्णपदक मिळवलेला गडी तो. उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे अशा थाटात विचारत होता. अनसूया खरातला सातव्या महिन्यात विषाणूचा ताप येऊन गेला होता. काल ती बाळंत झाली आणि नऊ महिने बाळाला पोसणारी वार तपासणीला खाली प्रयोगशाळेत आली. तोच विषाणू वारेत सापडला. जागोजाग सूज, मेलेले पट्टे.

विभागप्रमुख केळुसकरबाई चहा फुंकत राहिल्या.

त्यांच्या विभागाचा एक जुना रिवाज होता. वार तपासणाऱ्यानं आधी वर जाऊन बाळाला भेटायचं, मगच अहवालावर सही करायची. मल्हारला हे खूळ वाटे. त्यानं सही ठोकली होती. वर अनसूयाच्या सासूला जिन्यात गाठून सांगूनही टाकलं होतं, की बाळाचं काही खरं नाही.

“सासू रडली,” तो म्हणाला.

“आणि अनसूया?”



बाईंनी कप ठेवला आणि जिना चढायला लागल्या. मल्हार मागोमाग.

अनसूया भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळपासून तिनं बाळाला अंगाशी घेतलं नव्हतं. राहणारच नसेल तर लळा कशाला लावू, एवढंच ती म्हणत होती.

बाईंनी बाळ उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“तपास.”

वजन जरा बेताचं होतं. बाकी छाती, पोट, डोकं, सगळं ठाकठीक. बाळानं त्याचं बोट मुठीत धरलं ते सोडेचना. मग त्याचा एप्रन भिजवला आणि वर असं भोकाड पसरलं, की शेजारच्या खाटांवरच्या बायका हसायला लागल्या. सिस्टरनं बाळाच्या रक्ततपासणीचा कागद पुढे केला. विषाणूचा मागमूस नव्हता. कागद सकाळीच आला होता. मल्हारनं तो मागितलाच नव्हता.

बाईंनी अनसूयापासून काही लपवलं नाही. कान आणि डोळे पुढे काही वर्षं तपासत राहावे लागतील, म्हणाल्या.

“आज मात्र त्याला फक्त भूक लागलीय.”

अनसूया वळली. हात पुढे केले. भोकाड थांबलं.

“ताई, चुकलं माझं,” मल्हार म्हणाला. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती बाळाकडे बघून हसत होती.

जिना उतरताना तो न राहवून म्हणाला, “बाई, अहवाल फाडून टाकू?”

“कशाला? वारेनं मार खाल्ला, हे बरोबरच आहे... कुणासाठी खाल्ला, तेवढं खाली लिही.”