गोजराचा कोयता

फार वर्षं झाली याला. तेव्हा घाटाला रस्ता नव्हता, आणि तिवरघर गावात यायचं तर ओढ्याच्या काठाकाठानं यावं लागे. गावाबाहेर दर हिवाळ्यात घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं पडत. त्यांत गोजरा नावाची एक बाई होती. नवरा वारल्यावर भाता, ऐरण, घण सगळं तिनं एकटीनं चालवलं. तिचा घण पडला की पलीकडच्या डोंगरावरची पाखरं उडत, असं म्हणतात.

एका साली तिनं धाकलू नावाच्या लाकूडतोड्याला कोयता करून दिला. आठच दिवसांत तो लाकूड फोडताना मोडला. पात्याचा तुकडा उडाला आणि धाकलूचा डावा डोळा गेला. धाकलू पालावर आला, पण भांडला नाही. मोडकं पातं तिच्यापुढं ठेवून एवढंच म्हणाला, "गोजराबाय, लोखंड जळलं होतं गं."

खरंच होतं ते. घाईघाईत तिनं पातं जास्त तापवलं होतं.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा राहिला नाही. पालं पुढं गेली, ती मागं राहिली. घास तोंडाशी नेतानेता उठे आणि भात्याशी जाऊन बसे. पातं करी, दगडावर आपटी, मोडलं की पुन्हा भट्टीत घाली. असे एकशे आठ कोयते तिनं मोडले, असं म्हणतात. एकशे नववा मोडला नाही. तळहाताएवढा रुंद, पाठीला बोटभर जाड.

त्याच साली आश्लेषा नक्षत्राच्या झडीत गावावरची दरड कोसळली. ऐनाचा एक जुना वृक्ष मुळासकट खाली आला आणि ओढ्याच्या खिंडीत आडवा बसला. त्याच्यामागं चिखल आणि पाणी तुंबत चाललं. खोड एकदम सुटलं असतं, तर खाली गावात एक घर उरलं नसतं. आणि खिंड अशी अरुंद, की कुऱ्हाड उगारायला जागा नाही.

माणसं गुरं सोडून, पोरं काखोटीला मारून टेकडीकडं पळाली. गोजरा कोयता आणि घण घेऊन उलटी खिंडीकडं निघाली.

"अगं बाय, मरशील!" पाटील ओरडला.

"इथं तरी कुठं जगते मी?" ती म्हणाली.

धाकलू तिच्यामागं गेला. खोडापाशी तिनं कोयता त्याच्या हातात दिला. "तू धार खोडाला टेकवून धर. मी पाठीवर घण घालते."

त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "हाबी मोडला तर?"

"मी समोर उभी हाय. तुकडा उडाला तर मला लागंल."

त्यानं धरला. वरच्या अंगानं एकेक ढलपी सुटू लागली, तसतसं पाणी थोडंथोडं वाट काढू लागलं. तीन दिवस घण थांबला नाही. भर पावसात घणाच्या ठिणग्या विझत नव्हत्या, असं म्हणतात. चौथ्या दिवशी ओढा मोकळा झाला. गावात उंबऱ्यापर्यंत पाणी आलं, पण एक भिंत पडली नाही.

गावानं तिला लुगडं नेसवलं, घराला जागा देऊ केली. ती मात्र कोयता उजेडात धरून बघत होती. धारेत मोहरीएवढी खाच पडली होती. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती.

"अजून झालं नाही," ती म्हणाली. कोयता धाकलूला दिला, भाता गाढवावर लादला आणि घाट चढून गेली. पुन्हा कुणी तिला पाहिलं नाही. धाकलूनं, मग त्याच्या लेकानं, नातवानं त्याच कोयत्यानं लाकडं फोडली. त्या खाचेच्या जोडीला दुसरी खाच पडली नाही, असं म्हणतात.

आजही तिवरघरात पाऊस सरला की घरटी एक मोळी लाकडं फोडून गावाबाहेरच्या माळावर रचून ठेवतात. त्याला गोजराचं सरपण म्हणतात. पालं आली की त्यांना चुलीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. आणि गावातली एखादी म्हातारी पालावरच्या बाईला हमखास विचारते, "गोजरा तुमची कोण गं?"

कुठलंही पाल असो, कुठूनही आलेलं असो, बाई भाता ओढताओढता सांगते, "आमचीच. पुढं गेलीय."