स्थिर न होणारा पंख

एकदा एका विद्यापीठात, उन्हाळ्याच्या सुटीत, एका वृद्ध आचार्यांनी विमानविद्येचा आणि संगणकीय गणिताचा पंधरवड्याचा वर्ग चालवला. पंधरवड्यात ही विद्या कोणाला येत नाही, हे आचार्यही जाणून होते. पण शिकणाऱ्यांना प्रमाणपत्राची घाई असते, आणि विद्यापीठांनाही ती भागवण्याची हौस असते.

त्या वर्गात तिशी उलटलेला एक विद्यार्थी होता. त्याची जुनी कंपनी बंद पडून वर्ष होत आले होते. ड्रोन बनवणाऱ्या एका कारखान्याने त्याला पंखांच्या आकडेमोडीचे काम देऊ केले होते, पण अट एकच, सोमवारी प्रमाणपत्र दाखवायचे. घर सासऱ्यांच्या आधारावर चालले होते, आणि ते त्याला प्रत्येक घासाला टोचत असे.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. आचार्यांनी प्रत्येकाला एका पंखाचा आकार आणि त्याचा वाऱ्याशी असलेला कोन दिला. या स्थितीत हवा पंखाला किती उचलून धरते, ते संगणकावर काढायचे होते. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम नीट लिहिला, पण उत्तर एका जागी ठरेना. आकडेमोडीच्या दर फेरीला ते वर जाई, पुन्हा खाली येई. त्याने सगळे पहिल्यापासून तपासले, तरी चूक सापडेना. वेळ संपत आली तसा त्याचा धीर सुटला. अशा प्रोग्रॅममध्ये हेलकावे दाबणारा एक आकडा असतो, त्याला डॅम्पिंग म्हणतात. तो त्याने भरमसाट वाढवला. आलेखातली रेघ मुकाट सरळ झाली आणि एक देखणे उत्तर आले. ते त्याने आचार्यांपुढे ठेवले.

आचार्यांनी कागद पाहिला आणि त्याला प्रयोगशाळेतल्या विंड टनेलपाशी, म्हणजे यंत्राने वारा सोडायच्या बोगद्यापाशी नेले. हातभर लांबीचा एक लाकडी पंख त्याच्या हाती देऊन, परीक्षेतल्याच कोनात तो वाऱ्यात धरायला सांगितले. वारा सुरू होताच पंख मनगटासकट थरथरू लागला. विद्यार्थ्याने तो दोन्ही हातांनी आवळला, तरी थरथर थांबेना. म्हातारा आपली चेष्टा करतो आहे की काय, असे त्याच्या मनात येऊन गेले.

वारा बंद करून आचार्य म्हणाले, “या कोनात पंख स्थिर राहतच नाही. संगणक तुला तेच सांगत होता. तू त्याचं तोंड दाबलंस.”

“सर, डॅम्पिंग सगळेच घालतात.”

“घालतात. मीच शिकवलं. खऱ्या उत्तरापर्यंत पोचायला घालायचं असतं ते. नको असलेलं उत्तर घालवायला नाही. तुझ्या शेजारच्या मुलीनं कागदावर लिहिलं, उत्तर ठरत नाही. ती पास झाली.”

तेव्हा विद्यार्थ्याने लाज सोडून सोमवारची अट सांगितली, घरची अवस्था सांगितली. आचार्यांनाही वाईट वाटले. ते चेहऱ्यावर दिसत होते.

“मी प्रमाणपत्रावर सही केली, तर उद्या त्या कारखान्यात तुझा शब्द शेवटचा,” ते हळू आवाजात म्हणाले. “इथं पंख तुझ्या हातात होता. तिथं तो कुणाच्या तरी डोक्यावर असेल, आणि त्या माणसाला तुझी अडचण ठाऊक नसेल.”

सही झाली नाही. संध्याकाळी विद्यापीठाच्या फाटकाशी उभा राहून विद्यार्थी घरी काय सांगावे ते जुळवू लागला. परीक्षा फार अवघड होती, असे सांगता आले असते. आचार्य विक्षिप्त आहेत, हेही खपले असते. तेवढ्यात बायकोचाच फोन आला. झाले का, तिने विचारले.

“नाही झालं,” तो म्हणाला. “उत्तर येत नव्हतं, मी ते आणलं. चूक माझी आहे.”

पलीकडे ती काहीच बोलली नाही. ती शांतता भरून काढायला त्याच्या ओठांवर बरेच काही येत होते. तो बोलला नाही. फोन कानाशी धरून ऐकत उभा राहिला.