तळकोटच्या नगारखान्यातला ठेका

तळकोटच्या वेशीवर नगारखाना उभा आहे. खाली सरकारी पाटी आहे, 'सत्तावनच्या बंडाचे ठिकाण'. ते बंड नव्हते, युद्ध होते. देवळाचे गुरव बाळनाथकाका येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची हकिकत सांगतात.

तेव्हा गावचे लढणारे समोरच्या डोंगरात लपले होते. संध्याकाळी नौबत झाली की गाव मोकळे आहे असे समजून ते धान्य न्यायला उतरत. नौबत सटवाजी घडशी वाजवी. त्याचा एकुलता मुलगा मानाजी डोंगरातच होता.

एके दिवशी गोऱ्यांची पलटण आली आणि घराघरांत दबा धरून बसली. सटवाजीच्या पाठीला संगीन लावून साहेबाने हुकूम दिला, रोजच्यासारखे वाजव. सटवाजीने टिपऱ्या उचलल्या आणि मर्तिकाचा ठेका धरला. साहेबाला दोन्ही सारखेच. तो खूश झाला म्हणे.

डोंगरातल्यांनी ओळखले, गाव पडले. सगळे मागे खिंडीकडे फिरले. मानाजी मात्र उठेना. नौबतीच्या वेळी हा ठेका एकाच कारणाने वाजे, नगारा वाजवणारा स्वतः गेला तर.

"अरे, हात तुझ्या बापाचाच आहे," सोबती म्हणाला. "मेलेला माणूस इतका ठेक्यात वाजवतो होय?"

"तो हात त्यानं माझ्या चुलत्यालाही शिकवलाय."

"खूण आहे ती, मान्या. चल."

"असेल. आणि नसली तर? त्याला अग्नी कोण देणार, तू?"

तो एकटाच उतरला.

असे सांगतात, की सटवाजीला तो पांदीतून येताना वरून दिसला. ओरडावे तर साहेबाला कळेल, आणि बाकीचे अजून खिंडीपार झाले नव्हते. तो वाजवत राहिला. शेवटचा माणूस पलीकडे गेला तेव्हा टिपऱ्या टाकून तो ओरडला, "मी जिता आहे रे." मानाजी तोवर वेशीच्या आत आला होता. त्याला याच कमानीला फाशी दिले. सटवाजीला मारले नाही. साहेबाला वाटले, याच्यामुळे एक तरी सापडला.

आजही तळकोटात कोणी गेले की मर्तिकाचा ठेका इथूनच वाजतो. वाजवणारा आधी डोंगराकडे तोंड करून ओरडतो, "मी जिता आहे." मग गप्प उभा राहतो. कोणी उतरत असेल, तर त्याला मागे फिरायला वेळ मिळावा म्हणून. त्यानंतरच तो टिपरी उचलतो.