केरबाची देखणी भिंत

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. घाट चढायच्या आधी एसटी तिथे थांबायची आणि माणसे उतरून चहा प्यायची. थांब्यासमोरच एक हॉटेल होते. त्या हॉटेलाच्या मालकाचे नाव केरबा.

केरबाची मिसळ झणझणीत होती, भजी कुरकुरीत होती आणि चहा असा होता की घाट चढून गेलेली माणसे वरच्या गावात त्याची आठवण काढायची. आता चहात केरबाची करामत ती काय? खरी करामत दुधाची. आणि दूध होते हौसाक्काचे. हौसाक्का एकटी बाई. नवरा कधीच गेलेला. दोन म्हशी हेच तिचे घरदार आणि हीच तिची शेती. उजाडायच्या आत ती केरबाच्या हॉटेलात दूध ओतायची आणि मग गावातले रतीब घालत फिरायची.

केरबाला दोन छंद होते. पहिला पाट्या रंगवायचा आणि दुसरा जागेपणी स्वप्ने पाहायचा.

पाट्या तो रागात रंगवायचा. एखाद्या गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा रस्सा मागितला की केरबाचे कान लाल व्हायचे. पण तोंडातून अवाक्षर नाही. तो मागे जायचा, कुंचला काढायचा आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागायची : ‘रस्सा दोनदा मिळेल. तिसऱ्यांदा मागणाऱ्याने घरी करून खावा.’ कोणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले की, ‘बातम्या मनात वाचाव्यात. येथे सर्वांना ऐकू येते.’ कोणाच्या डोळ्यांत मिसळ खाताना पाणी आले की, ‘तिखट आहे का हे आधी विचारावे, मग रडावे.’ लोक पाट्या वाचून पोट धरून हसायचे. केरबा मात्र छाती फुगवून सांगायचा, “मी कुनाला तोंडानं दुखवत न्हाय. जे काय असंल ते लिवून मोकळा होतो.”

हा त्याचा अभिमान होता. माणसाने अभिमान कशाचा बाळगावा याला काही धरबंध नसतो हेच खरे.

अक्षर मात्र देखणे होते हो, खोटे कशाला बोला! वळणदार, ठसठशीत, वेलांटी जणू मोराने मान वळवावी तशी. गल्ल्यावर बसल्या बसल्या केरबा स्वप्न पाहायचा : एक दिवस एसटीतून कोणी मोठा माणूस उतरेल. चहाचा कप ओठांपर्यंत नेईल आणि अक्षर बघून तसाच थांबेल. विचारेल, ‘हे कोणी लिहिले?’ मग तो आपल्याला शहरात घेऊन जाईल. तिथे भज्यांचा घाणा नाही, खरकट्या बशा नाहीत, नुसती मोठमोठी पांढरी भिंत आणि आपण. त्या माणसासाठी केरबाने हॉटेलाची रस्त्याकडची भिंत कोरी ठेवली होती. दर वर्षी तिला पांढरा रंग द्यायचा, पण तिच्यावर एक रेघ ओढायचा नाही. तिच्यावर लिहायचे ते आयुष्यातले सर्वांत सुंदर अक्षर, असे त्याने ठरवले होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याने त्याने आपापली हत्यारे घासूनपुसून पुजायची, ही आपली जुनी रीत. केरबाने काय पुजले? कुंचले. ज्या डाव-उलथन्यांवर त्याचे घर चालत होते ती मागे एका कोपऱ्यात ठेवली. हॉटेलाच्या नावाची पितळी अक्षरेही त्याने चिंचेने घासून लखलखीत केली. चिंच कालवायला भांडे सापडेना, म्हणून दुधाचे मोठे पातेले घेतले. बायको, अनुसया, पुरणाची डाळ निवडत होती. ती म्हणाली, “ठिवा तिथं, मी घासते.” पण केरबाने पातेले स्वतःच विसळले. तेव्हा तो मनाने शहरातल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभा होता. कसे विसळले असेल ते समजून घ्या.

दुसरा दिवस दसऱ्याचा. पहाटे हौसाक्का नेहमीप्रमाणे दूध ओतून गेली. पातेले चुलीवर चढले. बाहेर एसट्या लागल्या, बाके भरली, आणि इकडे दूध फुटले. पातेलेभर चोथा आणि पाणी! दसऱ्याच्या दिवशी केरबाच्या हॉटेलात चहा नाही! गिऱ्हाईक हसले. कोणी म्हणाले, “आज काय, काळ्या चहाची पाटी लावणार का?”

केरबाचे डोके फिरले. हौसाक्काचे घर हाकेच्या अंतरावर होते. जाऊन भांडायचे होते, कडाकडा बोलायचे होते. ती बाई काही मुकी नव्हती, तिनेही चार शब्द सुनावले असते आणि दुपारपर्यंत सगळे निवळले असते. पण नाही. केरबा तोंडाने कोणाला दुखवत नसे ना! त्याने रंगाचे डबे काढले, स्टूल घेतले आणि ती वर्षानुवर्षे जपलेली कोरी भिंत गाठली. दिवसभर तो भिंतीशी झटत होता. हाताला राग होता, म्हणून की काय, अक्षर असे उतरले की त्याच्या हातून तसे कधी उतरले नव्हते :

‘हौसा गवळणीचे दूध नासके. घेणाऱ्याने विचार करावा.’

सांज झाली. अनुसया आतून आली. नासलेले दूध वाया जाऊ नये म्हणून तिने फडक्यात गाळले होते. तिच्या तळहातावर एक चिंचोका होता.

“अवं, ह्यो फडक्यात घावला,” ती म्हणाली. “दुधात चिंच कुठनं येईल? काल तुमी त्याच पातेल्यात पितळ घासायची चिंच कालवली व्हती.”

केरबाने चिंचोका उचलून उलटसुलट पाहिला.

“रंग अजून वला हाय,” ती म्हणाली. “मी रॉकेल आनते. पुसून टाका.”

ऐका, गोष्टीतली खरी वेळ हीच आहे. चूक कळली होती. रंग ओला होता. रॉकेलचा एक बोळा पुरला असता. हौसाक्काला काही कळलेसुद्धा नसते. पण केरबाने भिंतीकडे पाहिले आणि म्हणाला, “त्यो ‘ळ’ बघ गं. असा ‘ळ’ परत व्हायचा न्हाय. ऱ्हाऊ दे आजच्या दिस. उद्या पुसू.”

“अवं, ती बाई जगायची कशी?”

“उद्या पुसतो म्हनलं न्हवं!” केरबा ओरडला. बायकोवर ओरडताना मात्र त्याला पाटी लागली नाही.

तेवढ्यात सोने वाटत वाटत हौसाक्काच समोरून आली. आपट्याची पाने तिने अनुसयेच्या हातात दिली, केरबाच्या रंगाने माखलेल्या हातात दिली, आणि भिंतीकडे पाहून तिचा चेहरा फुलला. तिला वाचता येत नव्हते.

“केरबा, लई झ्याक काढलंस रं,” ती म्हणाली. “द्येवाच्या दारात काढावं तसं. काय लिवलंयस?”

केरबा म्हणाला, “काय न्हाय अक्का. असंच आपलं.”

अनुसया पदराने तोंड झाकून आत निघून गेली.

उद्या उजाडला, परवा उजाडला. केरबाने भिंत पुसली नाही. रोज तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा, मान वाकडी करून अक्षर बघायचा आणि समाधानाने परत यायचा. आणि दूध? दूध तो हौसाक्काचेच घेत होता! त्या दुधाशिवाय चहाला चव नव्हती. फक्त तिला सांगितले, “अक्का, फुडनं गर्दी असती, मागच्या दारानं येत जा.” पुढच्या भिंतीवर तिची बदनामी आणि मागच्या दाराने तिचेच दूध. अशा माणसाला काय म्हणावे, तुम्हीच सांगा. मला तर लिहिताना तोंडात शिव्या येतात.

गावाने आधी मनावर घेतले नाही. मग घेतले. कोळशाने खरडलेले असते तर लोक म्हणाले असते, केरबाला राग आला, उतरेल. पण इतक्या वर्षांची राखलेली भिंत, इतके मन लावून काढलेले अक्षर, ते काय उगीच? कोणाच्या मुलाचे पोट दुखले, कोणाचे दही लागले नाही. एकेक रतीब बंद झाला. कारण मात्र कोणी सांगेना. कोणी म्हणाले पाहुणे गेले, आता दूध लागत नाही. कोणी म्हणाले पोराला सोसत नाही. हौसाक्का भरली चरवी घेऊन दारोदार उभी राहायची आणि भरलीच परत न्यायची. दोन म्हशींची पेंड भागेना. तिने एक म्हैस बाजाराला लावली. दावे सोडताना म्हैस हंबरली, तेव्हा हौसाक्का गोठ्यातच खाली बसली.

शेवटी अनुसयेलाच राहवले नाही. तिने हौसाक्काला भिंतीसमोर नेले आणि एकेक शब्द वाचून दाखवला.

हौसाक्का हॉटेलात शिरली. बाके भरलेली होती.

“केरबा, माझं दूध नासकं हाय?”

केरबा कपबशा पुसू लागला.

“मला तोंडावर बोलला असतास तर मी तोंडावर जाब दिला असता. भिताडाला काय जाब देऊ रं? ते ऐकतंय व्हय माझं? मी तुझ्या हातात सोनं दिलं, तवा तुझा हात वला व्हता त्याच रंगानं!” तिने चरवीतले दूध त्याच्या उंबऱ्यावर ओतले. “हे बघ. नासकं हाय का बघ!”

आणि ती गेली. पुन्हा ना पुढच्या दाराने आली, ना मागच्या.

केरबाला वाईट वाटले. वाटले म्हणजे काय केले? त्याने भिंतीखाली पायाशी एक लहानशी ओळ लिहिली : ‘वरील मजकुरात चूक झाली आहे.’ बारीक अक्षरात, फिक्या रंगात. वरच्या ओळीला धक्का लागू नये म्हणून. ती ओळ कुत्र्यांशिवाय कोणी पाहिली नाही.

आणि एके दिवशी केरबाचे स्वप्न खरे झाले. एसटीतून एक रुबाबदार गृहस्थ उतरला. त्याने चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि भिंत बघून तसाच थांबला.

“हे कोणी लिहिलंय?” त्याने विचारले.

केरबा गल्ला सोडून पुढे धावला. “म्या जी. माझंच हाय.”

“वा! काय अक्षर आहे! वाचल्याबरोबर माणूस विश्वास ठेवतो. ही बाई कोण कुठली मला ठाऊक नाही, पण तिच्या हातचं पाणीसुद्धा मी पिणार नाही.” तो जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आमच्या शेजाऱ्याचं दुकान फार चालतं. माझ्या भिंतीवर त्याच्याबद्दल असंच काहीतरी लिहून द्याल? खरंखोटं सोडा, अक्षर हेच हवं.” मग त्याने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. “चहा मात्र अगदी पाणचट आहे हो तुमचा.”

केरबाने त्याच्या हातातला कप हिसकावून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकावर तोंडाने ओरडला, “ऊठ! चालता हो हितनं!”

मग त्याने चुन्याची बादली आणली आणि भिंतीवर ओतली. चुना वाळला आणि त्याच्यातून तेलाचा रंग पुन्हा वर आला. त्याने पुन्हा चुना मारला. अक्षरे पुन्हा वर आली. शेवटी त्याने भज्यांचे लोखंडी उलथने घेतले आणि एकेक अक्षर खरवडून काढले. घाम पुसून तो रस्त्यापलीकडे गेला आणि पाहतो तर काय, रंग गेला होता, पण उलथने अक्षराच्या वळणावळणानेच फिरले होते. भिंतीत तीच ओळ कोरली गेली होती. तेव्हा त्याने घण आणला आणि भिंतीचा गिलावा पार विटांपर्यंत फोडला.

तो हौसाक्काच्या दारात गेला. म्हणाला, “अक्का, चुकलो. तुझ्या घरावर लिवतो, तुझं दूध गावात एक नंबर हाय. अक्षर असं काढीन की—”

“लिवू नगंस!” हौसाक्का म्हणाली. “माझं नाव तुझ्या कुंचल्यात परत नगं. दारोदार जा आनि तोंडानं सांग.”

केरबा गेला. प्रत्येक दारात त्याने सांगितले की दूध चांगले होते, चिंच माझी होती. काहींनी रतीब पुन्हा लावला. काही जण मात्र डोळे बारीक करून म्हणाले, “आता तुम्ही म्हणताय खरं. पण तेव्हा इतकं मन लावून लिहिलं होतंत, ते काय उगाच?”

पुढचा दसरा आला. या खेपेला केरबाने पूजेत डाव आणि उलथने पुढे ठेवले होते, कुंचला नव्हताच. संध्याकाळी हौसाक्का सोने वाटत आली. तिने अनुसयेच्या हातात पाने दिली. केरबाने हात पुढे केला. हौसाक्काने त्या हाताकडे पाहिले, फुटक्या भिंतीकडे पाहिले, आणि उरलेली पाने पदरात घेऊन ती आपल्या एका म्हशीच्या धारेला निघून गेली.

तात्पर्य: राग आलाच तर ज्याचा आला त्याच्या तोंडावर बोलून मोकळे व्हावे, तो सजवून भिंतीवर लावू नये. आणि चूक कळल्यावर रंग ओला असतानाच ती पुसावी. आपली चूक देखणी वाटली म्हणून जो ती जपतो, त्याची शिक्षा आधी दुसरा भोगतो.