न बोलणाऱ्याला फुटाणे नाहीत

रागावू नका, पाहुणे. भट्टीवरच्या बाईने तुम्हाला नाही म्हटलेलं नाही. तिने ‘काय खबर?’ एवढंच विचारलं आणि तुम्ही नुसताच हात पुढे केलात, म्हणून तिचा झारा थांबला. आमच्या आंबेखिंडीच्या बाजाराची रीतच ती आहे. आधी स्वतःची एक खबर सांगायची, मग फुटाणे. म्हैस व्याली, जावयाने दाढी ठेवली, काहीही चालतं. एकदा एक मोठे साहेब आले होते, त्यांनाही सुटका नव्हती. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं बिचाऱ्यांनी.

ही रीत ठकूबाई भडभुंजीची. घाटातून बैलांचे तांडे जायचे, त्या काळातली बाई. नवऱ्यामागे एकटीने भट्टी चालवायची. तापल्या वाळूत हात हरभरा परतायचे आणि तोंड गावाची विचारपूस करायचं. कुणाची सून रुसली, कुणाचा बैल लंगडतो, तिला ठाऊक नाही असं काही नसायचं. धनगर, वंजारी, कोष्टी, सगळे शिवाशीव विसरून तिच्या धुरात डोळे चोळत बसायचे. त्या दिवसांत असं एकत्र बसायलाही छाती लागायची. या खोऱ्यातली निम्मी लग्नं तिथेच जुळली, असं सांगतात.

वरच्या गढीतल्या देशमुखाला हे बसणं खुपायचं. तो वाड्यावस्त्यांवरची माणसं वेठीला धरायचा, फुकटात दगड वाहायला. पण त्याची माणसं पोचेपर्यंत वाडी रिकामी झालेली असायची, कारण खबर आधीच भट्टीवर आलेली असायची. अखेर तो स्वतः बाजारात उतरला आणि गरजला, ‘इथे खबर फुटते कशी?’

ठकूबाई म्हणाली म्हणे, ‘भट्टी हाय, सरकार. हितं हरभरा फुटतो, मका फुटतो, खबर बी फुटते.’

सगळा बाजार हसला. देशमुखाला ते फार लागलं. त्याने हुकूम काढला की भट्टी चालू दे, पण तिथे कुणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर भट्टी मोडणार. आणि पहाऱ्याला एक शिपाई बसवला.

शिपाई बिचारा उपाशीपोटी त्या वासात बसून कासावीस झाला. शेवटी त्याने हात पुढे केला. ठकूबाईने झारा आवरला. ‘माझ्या भट्टीवर मुक्या माणसाला फुटाणे न्हाईत, बाबा. काय खबर?’

तो खांद्यावरचा शेला पसरत पुढे झाला. मग सगळ्या बाजाराच्या देखत बोलला, ‘उद्या वरच्या वाडीला धरणार हायेत. माझी भन दिलीया तिथं.’

तिने त्याचा शेला फुटाण्यांनी भरला.

दुसऱ्या दिवशी वाडीत चिटपाखरू सापडलं नाही. देशमुख थेट भट्टीवर आला. शिपाई तिथेच उभा होता, पार पांढराफटक. देशमुखाने विचारलं, ‘कोण बोललं?’

‘मी बोलले. मी रोजच बोलते.’

‘तुला कुणी सांगितलं, त्याचं नाव सांग. भट्टी तुझी तुला ठेवतो.’

जन्मात कधी गप्प न बसलेली ती बाई तेव्हा गप्प बसली. देशमुखाने भट्टीत घागरी ओतल्या, कढई फोडली. ती जागची हलली नाही. मग त्याने बाजाराला धारेवर धरलं. बाजाराने तोंड भरून उत्तरं दिली. कुणी शेळीचं पोट फुगल्याचं सांगितलं, कुणी सुनेचे डोहाळे सांगितले, एका म्हातारीने तर आपलं सगळं बाळंतपण ऐकवलं. सगळ्यांना ठाऊक असलेलं ते एक नाव मात्र कुणाच्याही तोंडून बाहेर पडलं नाही. एवढं बोलघेवडं गाव आमचं, पण तेव्हा एकही माणूस फुटला नाही. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

दुसऱ्या सकाळी घराघरातून बायका खापरावर विस्तव घेऊन आल्या आणि त्यांनी भट्टी पेटवली. देशमुखाने विझवली, त्यांनी पुन्हा पेटवली. अखेर पाणी वाहून त्याचीच माणसं थकली. ठकूबाई त्याच भट्टीवर म्हातारी झाली आणि बोलता बोलताच गेली, म्हणतात.

गढी कधीच ढासळली. भट्टी आजही पेटते, तुमच्यासमोर आहे. आणि त्या शिपायाचं नाव आजही इथल्या घराघरात ठाऊक आहे. मला माझ्या आजाने सांगितलं, मी माझ्या नातीला सांगितलं.

तुम्ही कितीही गोड बोललात, तरी तुम्हाला सांगणार नाही.