बारावा वाफा

चुकले दिवाण हैबतराव. दात पडला महाराजांचा. आणि घर सोडायची पाळी आली भिवा माळ्यावर!

शिरवणच्या महाराजांना भेंडीची भाजी म्हणजे जीव की प्राण. तीही बाजारची चालायची नाही. मुदपाकखान्यामागच्या परसबागेतलीच हवी. तिथे भिवाने आणि त्याच्या मुलीने, येसूने, भेंडीचे बारा वाफे लावले होते. भेंडी धरली, बोटभर झाली, येसू पाटी घेऊन तोड्याला निघाली, तर वाटेत हैबतराव काठी आडवी धरून उभे!

"पहिल्या फळाचा मान महाराजांचा. चांगला दिवस पाहून मी माझ्या हाताने ते त्यांच्यापुढे ठेवीन. तोवर एकाही भेंडीला हात लावायचा नाही!"

आता चांगला दिवस काही उजाडेना. आधी अमावस्या आडवी आली. मग हैबतरावांचा गुडघा धरला. मग त्यांच्या मेहुण्याकडे बारसं निघालं.

"दिवाणजी, भेंडी जून होतेय," येसू म्हणाली.

"तू जन्मायच्या आधीपासून मी भेंडी खातोय!"

"खाताय हो. तोडलीय का कधी?"

भिवाने तिला कोपराने ढोसलं. भिवा आयुष्यभर हेच करत आला होता: वरच्यांपुढे मान खाली, आणि लेकीला कोपर.

अठराव्या दिवशी मुहूर्त लागला. चांदीच्या ताटात भरली भेंडी आली. महाराजांनी एक उचलली, दाढेखाली धरली, जोर लावला आणि कट्! भेंडी जशीच्या तशी राहिली, दात हातात आला.

मोठ्या माणसांची एक रीत असते. चूक झाली की आधी बघायचं, आपल्यापेक्षा लहान कोण उभं आहे.

"माळ्याचा हातच वाईट, महाराज!" हैबतराव म्हणाले.

गालावर हात धरून महाराज गरजले, "भिवा! आठ दिवस देतो. नवव्या दिवसापासून महिनाभर रोज पाटीभर कोवळी भेंडी आली पाहिजे, याच वाफ्यांतून! नाही आली तर बाग सोड, बागेतलं घरही सोड!"

हैबतरावांनी लगेच पुस्ती जोडली, "नवं बी लावायचं नाही. जादा खत नाही, जादा पाणी नाही. आणि यावेळचा मान बिघडला, तो पुन्हा करावा लागेल. मुहूर्त मी काढीन. तोवर पहिलं फळ जागचं हलता कामा नये!"

भिवाने वळून घराकडे पाहिलं. त्या घराच्या दारातला शेवगा येसूच्या आईने लावलेला होता. आई गेली, शेवगा उभा होता.

येसू पुढे झाली. "दिवाणजी, पहिलं फळ एका वाफ्यात धरेल की बाराही वाफ्यांत?"

"एकाच! एवढी साधी अक्कल नाही?"

"मग तो वाफा तुमचा. मी त्याला बोटही लावणार नाही. उरलेल्या अकरांना मान नाही ना?"

हैबतराव पंचांग चाळल्यासारखं बोटं मोजू लागले. महाराज वैतागले. "नाही म्हणजे नाही! तोड हवी तितकी! मला भाजी हवी आहे, पंचांग नको!"

त्याच दिवशी येसूने विळा घेतला आणि अकरा वाफ्यांतली सगळी जून भेंडी उतरवून गोठ्याकडे पाठवली. एकाच वाफ्यातली तेवढी ठेवली आणि त्या वाफ्याभोवती लाल दोरा बांधला.

"अगं येसे, होतं नव्हतं तेही काढलंस!" भिवा कपाळाला हात लावून बसला.

"बाबा, आठ दिवस गप्प राहा. तुम्हाला सवय आहे."

चौथ्या दिवशी अकरा वाफे पिवळ्या फुलांनी भरले. नवव्या दिवशी पाटी भरली. आज पाच वाफ्यांचा तोडा, उद्या सहांचा. एकही भेंडी बोटापेक्षा लांब होऊ द्यायची नाही. येसू तोडत गेली, झाडं देत गेली. महाराज रोज जेवणाची वाट बघू लागले, आणि हैबतराव येसूच्या चुकीची.

महिना भरला त्या सकाळी ते महाराजांना घेऊन बागेत आले. "ही बाजारातून आणत असणार, महाराज! तेच बी, तेच पाणी, मग एवढी भेंडी येते कुठून?" तेवढ्यात त्यांना लाल दोरा दिसला. आतली झाडं वाळून काटक्या झाली होती. शेंगा तडकल्या होत्या. फूल नावाला नाही! हैबतरावांना हर्ष झाला. "पाहा! बारापैकी एक वाफा हिने मारला!"

"तो तुमचा वाफा, दिवाणजी," येसू म्हणाली. "माती तीच, बी तेच, पाणीही तेवढंच. अकरा माझ्या हाताखाली होते, बारावा तुमच्या."

महाराज वाकून पाहू लागले. "पण हा वाळला कशाने?"

"झाड फळतं ते बी धरायला, महाराज. कोवळं काढून घेतलं की ते पुन्हा धरतं. जून शेंग अंगावर राहिली की त्याला वाटतं, झालं आपलं काम. ती एकटी सगळा रस ओढते, आणि नवीन काही येऊ देत नाही."

महाराजांनी जून शेंगेकडे पाहिलं. मग हैबतरावांकडे पाहिलं. पुन्हा शेंगेकडे पाहिलं.

"दिवाणजी, या वाफ्याचा मुहूर्त कधी होता?"

"येत्या... येत्या त्रयोदशीला, महाराज. म्हणजे तसा विचार आहे."

"म्हणजे जून झालेलं वेळेवर उतरवलं नाही, की नवं धरतच नाही. असंच ना, पोरी?"

"मी भेंडीचं बोलतेय, महाराज!"

"मीसुद्धा भेंडीचंच!" आणि महाराज असे खदखदून हसले की पडलेल्या दाताची खिडकी सगळ्या पहारेकऱ्यांनी पाहिली. हसत हसतच त्यांनी हैबतरावांपुढे हात पसरला, कारभाराचा शिक्का परत मागायला.

परसबाग आणि शेवग्याचं घर येसूच्या नावावर झालं. पहिला मान म्हणून तिला सोन्याचा विळाही मिळाला. तो कापत नाही म्हणून तिने खुंटीला टांगला.

हैबतरावांची बावीस वर्षांची दिवाणगिरी त्या सकाळी गेली.